ताकसांडे मॅडमची हजेरी

"तुमच्या घरी इतक्यात कोणी वारलं काय?"

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत राहायला येऊन आम्हाला एकच दिवस झाला होता. समोरच्या घरातल्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. हातात झाकलेला डबा, डब्यात आमच्यासाठी आलूपोहे, आणि तोंडात हा प्रश्न. मी सामानाची खोकी उघडत होतो. म्हणालो, "नाही. म्हणजे, दोन वर्षांपूर्वी वडील गेले."

"चष्मा लावत होते?"

"हो."

"मग तो चष्मा कुठं हाय?"

वडिलांचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं, त्यांची छत्री आम्ही वापरत होतो, कपडे गावी वाटून टाकले होते. चष्म्याचं काय झालं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आतून माझ्या बायकोनं, मंदानं, सांगितलं की तो सासूबाईंच्या पेटीत रुमालात बांधलेला आहे.

"तेच," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचं धोतर कोणी नेते, जोडे कोणी घालते. चष्मा कोणाच्याच कामाचा नाई, आन् फेकावा बी वाटत नाई. ठेवा तुम्ही. कधी नकोसा झाला तर मले सांगजा. पोहे गरम हाय तोवर खाऊन घ्या."

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. त्या बाई म्हणजे सुलोचना ताकसांडे, एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. नाव सुलोचना आणि चष्म्याचा नंबर उणे सात. मी सेवाग्रामला दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नंबर तपासायच्या कामावर होतो, त्यामुळे माणूस भेटला की मी आधी त्याची काच बघतो. मॅडमच्या काचा इतक्या जाड होत्या की मागचे डोळे मुगाच्या दाण्याएवढे दिसायचे. त्या दोन दाण्यांना घाबरून अख्खा वर्ग चिडीचूप बसायचा, असं मला त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं. तो तेव्हा आमच्याकडे दूध घालायचा आणि मॅडमच्या फाटकासमोरून जाताना अजूनही सायकलवरून उतरायचा.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. लोकांच्या बैठकीत जिथं सोफा असतो तिथं मॅडमकडे भिंतभर लाकडी मांडणी होती. वरच्या फळ्यांवर फौजी सामान. लोखंडी हेल्मेटं उपडी घातलेली, खाकी कापडात शिवलेल्या पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, पट्टे, पितळी बकलं. त्याखाली संगिनी, चामडी म्यानातल्या कुकऱ्या आणि घडीचे चाकू. आणि अगदी खालच्या तीन फळ्यांवर चष्मे. कानामागे वळणाऱ्या तारेच्या काड्यांचे, गोल काचांचे, जाड काळ्या फ्रेमचे, एका बाजूला दोरा बांधलेले. सगळ्यांची तोंडं दाराकडे. आत पाऊल टाकलं की पुष्कळ माणसं खाली बसून आपल्याकडे मान वर करून बघतायत असं वाटायचं. मंदा उंबऱ्यातच थबकली.

"या न. ते काही विचारत नाई," मॅडम म्हणाल्या.

चहा इनॅमलच्या फौजी मगातून आला. एका मगात पाऊण तांब्या मावेल. मंदानं कसाबसा संपवला, तर मॅडमनी पुन्हा भरला.

माल कुठून येतो हे त्यांनीच सांगितलं. पुलगावला लष्कराचं मोठं भांडार आहे. तिथून निकाली निघालेलं सामान लिलावात जातं, लिलावातून भंगारवाल्यांकडे, आणि भंगारवाल्यांकडून मॅडमकडे. शिवाय गावोगावच्या जुन्या फौजींच्या पेट्या रिकाम्या झाल्या की त्यातलंही काहीबाही भंगारात येतंच. पुलगावपासून हिंगणघाटापर्यंतचे सगळे भंगारवाले मॅडमना ओळखायचे. त्यांची एकच अट होती. वस्तूवर कोणाचं तरी नाव पाहिजे. फौजेतली माणसं डब्यावर, बाटलीवर, चाकूच्या मुठीवर खिळ्यानं नाव कोरतात. नाव नसलं तर वस्तू कितीही चांगली असो, मॅडम हात लावत नसत. आणि चष्मा घेताना घरच्यांकडून मालकाचं नाव लिहून घ्यायच्या.

नाव कशाला, तर हजेरीसाठी.

शाळेत असतं तसं लांबट हजेरीबुक त्यांनी केलं होतं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मॅडम मांडणीसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेक नाव वाचायच्या. नाव वाचलं की मान वर, वस्तू जागेवर आहे का बघायचं, मग टिक. पहिल्या रविवारी मंदा साखर मागायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "त्या कोणाला तरी रागावतायत. मी नंतर जाते."

मी खिडकीत जाऊन कान दिला.

"तुकाराम नेवारे. ... शेख हुसेन. धूळ काऊन बसली तुमच्यावर? ... शेर बहादूर. गंज चढून राह्यला, तेल लावा लागते. ... अनसूयाबाई पोहाणे."

शेर बहादूर ही कुकरी होती. बाकीचे तिघे चष्मे.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "मॅडम, हे कशासाठी?"

"रविवारी शाळा नसते, राऊत. करमत नाई. मुद्द्यावर या, दूध नासलं काय तुमच्याकडचं आज?"

"मुद्द्यावर या" हे त्यांचं नेहमीचं. त्या स्वतः तासभर भंगारवाल्याच्या सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलतील, पण दुसऱ्यानं दोन वाक्यं जास्त बोलली की मुद्द्यावर या. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, नंतर एकट्या. वडील दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले ते परत आले नाहीत, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून हा फौजी सामानाचा नाद, असंही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चष्म्यांचं कारण कोणाला ठरवता आलं नव्हतं. मॅडम मात्र वडिलांचा विषय कधी काढत नसत आणि दुसऱ्यानं काढला की मुद्द्यावर या.

मी डोळ्यांच्या विभागात आहे हे कळल्यावर माझे शनिवार त्यांच्या ताब्यात गेले. दुपारी ओपीडी संपली की मॅडम पिशवी घेऊन हजर. पिशवीत त्या आठवड्यात मिळालेले चष्मे. मी एकेक काच यंत्राखाली धरून नंबर सांगायचा आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून काडीला बांधायचा.

"अधिक अडीच. जवळचा आहे."

"बाई होती. शाळेत नाई गेलेली. वाचत तर नसन."

"सुई ओवत असतील."

"बरोबर. शिंप्याची बायको होती," असं म्हणून त्या खूश व्हायच्या.

विभागातले लोक आधी हसले. मग हळूहळू त्यांच्याही घरचे चष्मे निघायला लागले. एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या आजोबांचा आणला आणि मॅडमच्या हातात देताना बराच वेळ सोडलाच नाही.

एकदा देवळीकडच्या एका मास्तरांचा चष्मा आला. उजवी काच चांगली जाड, आणि डावी? मी यंत्राखाली दोनदा धरली. साधी काच. खिडकीची असते तशी.

"डावा डोळा कामाचा नव्हता त्यांचा," मी म्हणालो. "नंबर देऊन उपयोग नव्हता, म्हणून साधी काच बसवली."

मॅडम तशाच उठून देवळीला गेल्या. मास्तरांच्या बायकोला सांगितलं. ती म्हातारी म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला, मले नाई सांगतलं. म्हणून बैलबंडीत मले नेहमी उजव्या अंगाले बसवे." तिनं चष्मा परत मागितला. मॅडमनी दिला, आणि रविवारी हजेरीबुकात त्या नावापुढे लिहिलं, 'घरी गेले.'

चाकू-कुकऱ्यांबद्दल कॉलनीत थोडी कुजबुज होती. एकटी बाई, आणि घरात एवढी हत्यारं. पण सार्वजनिक जेवण असलं की त्याच हत्यारांवाचून कोणाचं चालत नसे. मोठं कोहळं कापायचं असलं की शेर बहादूरच लागायचा. मॅडम तो फुकट द्यायच्या, पण वहीवर सही घेऊन. घेणाऱ्याचं नाव, काम काय, वेळ किती, आणि परत आल्यावर शेरा. एका वर्षीचा शेरा मी वाचलेला आहे, 'कोहळ्याऐवजी नारळावर वापरला. पुन्हा देऊ नये.' ज्या गृहस्थांबद्दल हा शेरा होता ते पंचायत समितीत अधिकारी होते. त्यांना पुढे खरंच दिला नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात कोहळं विळीवर कापावं लागलं.

एकदा दुपारी मॅडम शाळेत असताना चोर शिरला. कुलूप तोडून आत आला आणि दार उघडताच त्या सगळ्या चष्म्यांनी त्याच्याकडे बघितलं असणार. काहीएक न नेता तो पळाला. उंबऱ्यात त्याची एक चप्पल राहिली. मॅडमनी पोलिसात वर्दी दिली नाही. चप्पल धुऊन मांडणीच्या टोकाला ठेवली आणि हजेरीबुकात नोंद केली, 'अज्ञात.' दर रविवारी त्याचंही नाव पुकारलं जाई आणि त्याच्या रकान्यात गैरहजेरी लागे. "एक चप्पल म्हणजे हजर नाई म्हणता येत," असं त्यांचं म्हणणं.

थंडीत मॅडम गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा फौजी गरम कोट घालून लुनावरून फिरायच्या. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर फिरायच्या. हेल्मेटची सक्ती आली तेव्हा त्यांनी मांडणीवरचं एक लोखंडी हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं. चौकात शिपायानं थांबवलं.

"मॅडम, हे काय घातलं?"

"हेल्मेट."

"हे नाई चालत."

"काऊन? याच्यावर बाँबचा तुकडा पडला तर चालते, ट्रक आला तर नाई चालत?"

शिपायानं विचार केला आणि जाऊ दिलं. तोही त्यांचा विद्यार्थीच निघाला.

अशी वर्षं गेली. सामान वाढलं, चष्म्यांना चौथी फळी लागली, माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. मग दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर पुलगावच्या एका भंगारवाल्याकडून मॅडमना एक घडीचा चाकू मिळाला. लढाईच्या काळातला. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला लोखंडी टोच्या. मुठीवर इंग्रजी अक्षरांत खिळ्यानं कोरलेलं होतं, गणपत, तळेगाव.

मॅडम तो घेऊन थेट आमच्याकडे आल्या. "राऊत, हा माणूस जिवंत असू शकते."

"कशावरून?"

"मेला असं कोणी सांगतलं नाई अजून."

तो चप्पलवाला चोर सोडला तर त्यांच्या हजेरीबुकातली झाडून सगळी माणसं मेलेली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. जिवंत माणसाचं नाव त्यात एकही नव्हतं.

आता महाराष्ट्रात तळेगावं किती आहेत हे मोजायला बसावं तर दिवस पुरायचा नाही. वर्ध्याजवळच एक आहे. मॅडम आधी तिथं जाऊन आल्या. तिथं तीन गणपत सापडले. एक दहावीत होता, एक हवापाण्याला मुलाकडे गेलेला आणि तिसऱ्यानं चाकू मीच घेतो म्हणून हट्ट धरला. मग मॅडमनी लांबलांबच्या तळेगावांच्या सरपंचांना पत्रं टाकली. दोघांनी उत्तर दिलं, आमच्याकडे नाही. शेवटी आष्टी तालुक्यातल्या तळेगाव श्यामजी पंतहून एका शिक्षकाचं कार्ड आलं. गणपतराव ढोले, वय ऐंशीच्या वर, लढाईवर जाऊन आलेले, हयात.

"रविवारी जाऊ," मॅडम म्हणाल्या.

"हजेरी?"

"एक रविवार राहू द्या."

डिसेंबरचे दिवस होते. वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव. मॅडमच्या अंगात तोच कोट, मांडीवर पिशवी, पिशवीत चाकू रुमालात बांधलेला. वाटेत एरवी त्या ड्रायव्हरच्या चुका मोठ्यानं सांगतात. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. मी दोनदा विषय काढला. त्यांनी मुद्द्यावर यासुद्धा म्हटलं नाही.

ढोल्यांचं घर बाजारापासून थोडं आत होतं. मुलगा संत्र्याच्या बगीच्यात गेलेला. म्हातारा ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. सुनेनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि पाणी आणायला आत गेली.

मॅडमनी रुमाल सोडून चाकू पुढे केला. "बाबा, हा तुमचा काय?"

म्हाताऱ्यानं चाकूकडे एकदाच पाहिलं. मग मॅडमच्या कोटाकडे, कोटाच्या पितळी गुंड्यांकडे, मग माझ्या खिशातल्या दोन पेनांकडे.

"माझा नाई."

"नाव हाय न तुमचं. गणपत, तळेगाव."

"गणपत लय असते. मी फौजेत नव्हतोच."

सून पाणी घेऊन येत होती. म्हणाली, "अवो मामाजी, असं काय करता? भिंतीवर फोटो हाय न तुमचा, वर्दीतला."

"तो माझा भाऊ हाय," म्हातारा म्हणाला आणि शेंगा सोलायला लागला.

सुनेनं तोंडाला पदर लावला. मला खुणेनं दाराशी बोलावून हळूच म्हणाली, "भाऊ तर त्याइले नाईच. पाच बहिणी हाय. अवो, हा चाकू जमा करायचा होता म्हणे फौजेत. यायनं हरवला असं लिहून देल्लं आन् इकडं आणून आर्वीत विकला. तवापासून खाकी दिसली का घरात जाऊन बसते. जंगलवाला गार्ड आला तरी. त्याइले वाटते, सरकार चाकू मांगाले येईन आन् पेन्शन बंद करन."

मी येऊन मॅडमच्या कानात सांगितलं. मॅडम उठल्या, कोट काढला, नीट घडी करून लांब ठेवला आणि नुसत्या सुती पातळात पुन्हा खाली बसल्या. समोरच्या टोपल्यातल्या मूठभर शेंगा ओढून त्याही सोलायला लागल्या.

"बाबा, मी सरकारी नाई. मी मास्तरीण होती. हा माणूस डोळे तपासते. आम्ही चाकू न्याले नाई, द्याले आलो."

"द्याले?"

"हो."

"मंग सही मांगसान."

"सही नाई."

"अंगठा?"

"अंगठा बी नाई."

म्हातारा दोन शेंगा सोलेपर्यंत थांबला. मग हात पुढे केला. चाकू हातात येताच त्यानं न बघता अंगठ्याच्या नखानं टोच्या उघडला. इतके दिवस मी त्या चाकूशी खटपट करत होतो, तो टोच्या मला पकडीशिवाय कधी उघडता आला नव्हता.

"खेचराच्या खुरात खडा गेला का यानं काढा लागे," तो म्हणाला. "मी खेचरांवर होतो. बर्मात."

मग त्याची गाडी सुटली. त्याच्या खेचरीचं नाव राणी. ती एकट्या त्याचं ऐकायची, बाकी सगळ्यांना लाथा. तिच्या पाठीवर कायकाय लादलं, ती कुठं घसरली, तिला मीठ किती आवडे. अर्धा तास मॅडमनी सगळं ऐकलं. एकदाही मुद्द्यावर आणलं नाही. टोपलं रिकामं झालं तेव्हा त्यांनी काहीतरी विचारलं, पण इतक्या हळू की म्हाताऱ्यानं कान पुढे केला.

"मी म्हटलं, तुमच्यात चष्मेवाले राहत होते काय?"

"राहत न. बाबू लोक राहत. गुदामावरचे."

"मंग तिथी कोणाचा चष्मा फुटला तर?"

म्हाताऱ्यानं चाकू मिटायला घेतला होता तो तसाच राहिला.

"एक होता," तो म्हणाला. "मद्रासी. नाव नाई आठवत. आम्ही बाबूच म्हणो. नदी उतरताना पाय सटकला त्याचा, चष्मा गेला वाहून. मंग त्याले हातभर पुढचं नाई दिसे. जागच्या जागी उभा राह्यला, दोन्ही हात असे पुढं करून."

"मंग?"

"मंग काय. राणीचं शेपूट त्याच्या हातात देल्लं."

मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत, तेव्हा मीही थांबलो.

"आठ दिवस चालला तो शेपूट धरून. दुसरं कोणी तिच्या मांग उभं राहे तर तंगडी मोडे ती. पण त्याले नाई मारलं. मी पुढून सांगो, बाबू, दगड हाय. बाबू, उतार हाय. जेवाले बसलं का डबा हातात द्या लागे, झाकण कोणत्या बाजूले हाय ते सांगा लागे. मंग एका ठाण्यावर डाक्टर भेटला, त्यानं कोणाचा तरी देल्ला. त्याले तो बराबर नाई बसला, पण चाले."

"सोडून नाई देल्लं कोणी त्याले?"

"कोणाले, बाबूले?" म्हाताऱ्यानं मॅडमकडे असं पाहिलं, जणू ही बाई शाळेत काय शिकवत होती कोणास ठाऊक. "सोडून कसं देईन? न दिसणाऱ्या माणसाले टाकून जाते काय कोणी?"

मॅडमनी मान हलवली. पदराला लागलेली शेंगांची टरफलं झटकली आणि उठल्या.

निघताना सुनेनं थैलीभर संत्री दिली. म्हातारा काठी टेकत फाटकापर्यंत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाकूचं तिकडं कोणाले नाई सांगसान न?"

"नाही सांगत," मी म्हणालो.

स्टँडवर आर्वीच्या गाडीला तासभर अवकाश होता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. मॅडमनी एक संत्रं सोललं, निम्मं माझ्या हातात दिलं, आणि बिया एका कागदावर नीट काढून ठेवत बोलायला लागल्या.

"माझे वडील बी गुदामावरच होते. चष्मा लहानपणापासून. माझा नंबर त्याइचाच. मी दोन वर्षांची असताना पत्र आलं, बेपत्ता म्हणून. मेले असं नव्हतं लिहिलं."

मी माझ्या फोडींतल्या बिया त्यांच्या कागदावर ठेवल्या.

"आईले कोणी फौजेतला माणूस भेटला का ती एकच विचारे. तिथी चष्मा फुटला तर दुसरा भेटते काय? दुसरं काहीच नाई विचारे. कसे गेले, कुठं गेले, काही नाई. लोक हसत. मले लाज वाटे. बाजारात, बसमध्ये, कोणालेही थांबवे. मी तिले म्हणो, आई, चूप बस. मोठी झाल्यावर तर रागावो तिच्यावर. शेवटी शेवटी तिनं मले विचाराले सुरुवात केली. म्हणे, सुलू, त्याले दिसत नसन वं तिथी."

त्यांनी कागदाची पुडी केली.

"ती गेल्यावर मी म्हटलं, आता आपण विचारू कोणाले तरी. पण कोणाले विचाराव? जे चष्मे घरी आणले ते सारे मेलेल्यांचे. जिवंत माणूस पायजे होता. भेटला असता बी या आधी, शोधला असता तर. माझंच धाडस नाई झालं, राऊत. वाटे, तो म्हणन, फुटला तर मेला. मंग ते ऐकून काय करान?"

उणे सात नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय वीतभरापलीकडचं सगळं धुरकट दिसतं. रोज कोणाला ना कोणाला मी हे समजावून सांगतो. आणि म्हातारा तासाभरापूर्वीच आमच्या तोंडावर दोनदा खोटं बोलला होता, हे माझ्या मनातून जात नव्हतं. मॅडमच्या ध्यानात ते नसेल असं नाही. उभ्या जन्मात त्यांनी खोटं बोलणारी पोट्टीच धरली होती.

"आई असती तर आज शांत झोपली असती," त्या म्हणाल्या.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "पण मॅडम, तो बाबू मद्रासी होता."

"हो, मले माहीत हाय," मॅडम म्हणाल्या. संत्र्याची शेवटची फोड त्यांच्या हातात होती. "पण खेचर तर सगळ्याच पलटणीत असन न."

"असणारच," मी म्हणालो.

त्यांनी फोड तोंडात टाकली. मग आर्वीची गाडी आली, आणि आम्ही उठलो.